कोणतें भिंग घ्यावें ?

दरवर्षीं स्नेहसंमेलन आटोपून मंडपाचे बांबू उतरूं लागले, कीं आमच्याभोंवतीं एक दुसरेंच लहानसें संमेलन भरतें. त्यास अध्यक्ष नसतो, स्वागतगीत नसतें आणि आभारप्रदर्शनही नसतें. दिवसभर गळ्यांत कॅमेरा अडकवून मैदानांतून रंगमंचाकडे व रंगमंचाकडून पुनः मैदानांत धांवणारा शिक्षक हा त्या विद्येंतील कोणी अधिकारी पुरुष असला पाहिजे, अशी विद्यार्थ्यांची भाबडी समजूत असते. आणि ती दूर करण्याइतका प्रामाणिकपणा आमच्या अंगीं नसल्यामुळें आम्ही तिचा मनांतल्या मनांत आस्वाद घेत उभे राहतों. प्रश्न मात्र बहुधा एकच असतो : "सर, कोणती लेन्स घेऊं ?" यंदा तर दहावींतील एका विद्यार्थ्याचे वडील मुलास बरोबर घेऊन आले. परीक्षेंत चांगले गुण मिळाल्यास कॅमेरा देण्याचें त्यांनीं कबूल केलें होतें, आणि कॅमेऱ्याची किंमतही कशीबशी मनाला पटवून घेतली होती. परंतु त्या कॅमेऱ्यास निरनिराळीं भिंगें लागतात व त्यांतील एखाद्याची किंमत कॅमेऱ्याहूनही अधिक असते, हें दुकानांत ऐकून ते गोंधळून गेले होते. "आपण सांगाल तें घेतों," ते म्हणाले, "पण एकच सांगा."

एवढ्या विश्वासानें कोणी विचारलें म्हणजे उत्तर देणें कठीण होतें. आम्हीं त्या गृहस्थांना चार वाक्यांत कांहीं तरी सांगितलें व ते समाधानानें गेलेही. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आम्हांस वाटलें कीं, खरें सांगावयाचें होतें तें राहूनच गेलें. तें सांगावयाचें तर आमच्या एका भिंगाची, आणि त्या भिंगापायीं आमच्या घरीं झालेल्या एका नुकसानीची हकीकत सांगावी लागते.

आमचा पहिला कॅमेरा आम्हीं २०१२ सालीं घेतला. त्याबरोबरच जें भिंग मिळालें तें १८ ते ५५ मिलिमीटरांचें होतें. बहिर्गोल भिंगानें खिडकीबाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर पाडून त्याचें नाभीय अंतर पट्टीनें मोजण्याचा प्रयोग ज्या विद्यार्थ्यांनीं केला आहे, त्यांस हा मिलिमीटरांचा हिशेब वेगळा समजावून देण्याचें कारण नाहीं. हें अंतर कमी असेल तर चित्रांत पुष्कळ प्रदेश मावतो व त्यांतील प्रत्येक वस्तु लहान दिसते. अंतर वाढेल तसतसा प्रदेश थोडा व वस्तु मोठी होत जाते. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरांचा सेन्सर ज्या कॅमेऱ्यांत असतो, त्यावर २४ चें भिंग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारें ८४ अंशांचा प्रदेश पाहतें, ५० चें सुमारें ४७ अंशांचा, आणि २०० चें अवघ्या १२ अंशांचा. आमच्या कॅमेऱ्यांतील सेन्सर त्याहून लहान असल्यामुळें त्यावर प्रत्येक भिंग सुमारें दीडपट लांब पल्ल्याचें होऊन बसे. १८ ची दृष्टि २७ सारखी होई, आणि ५० ची ७५ सारखी. भिंग विकत घेणाऱ्यानें आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर केवढा आहे हें प्रथम विचारावें, तें याचसाठीं.

तें पहिलें भिंग वाईट होतें असें मुळींच नाहीं. पण कॅमेऱ्याबरोबर आयतें आलेलें तें, म्हणून आमच्या नजरेंत त्याची किंमत नव्हती. शिवाय मासिकांतून आणि संगणकाच्या पडद्यावर आम्ही थोरथोरांचीं चित्रें पाहत असूं. त्यांत एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या डोळ्याभोंवतींची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी इतकी रेखीव, आणि त्याच्या पाठीमागील सारें जग मात्र लोण्यासारखें वितळलेलें. आमच्या चित्रांत वृद्ध मनुष्याच्या मागें विजेचा खांब, खांबावर जाहिरात आणि जाहिरातीखालीं बसलेलें कुत्रें, हीं सारीं तितक्याच हक्कानें उभीं असत. जाणत्यांनीं सांगितलें कीं, दोष तुमचा नव्हे, भिंगाचा आहे. ५० मिलिमीटरांचें, एफ १.८ चें भिंग घ्या. दुसऱ्याच दिवाळींत आम्हीं तें घेतलें.

या एफ-आंकड्याची रीत उलटी आहे, आंकडा लहान तितकें छिद्र मोठें. नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागलें म्हणजे हा आंकडा येतो. ५० ला १.८ नें भागल्यास सुमारें २८ मिलिमीटर येतात. म्हणजे नव्या भिंगाचें तोंड जुन्या रुपयाएवढें उघडत होतें. आमचें पहिलें भिंग ५५ च्या टोंकाला फार तर एफ ५.६ पर्यंत, म्हणजे जेमतेम १० मिलिमीटर उघडे. दोन आंकड्यांच्या भागाकाराचा वर्ग केला कीं प्रकाशाचें प्रमाण निघतें. त्या हिशेबानें नवें भिंग जुन्यापेक्षां जवळ जवळ दसपट प्रकाश आंत घेऊं लागलें. ज्या खोलींत पूर्वीं आम्ही कॅमेरा पिशवींतून काढीतही नसूं, त्या खोलींत आतां चित्रें निघूं लागलीं.

अशी एक खोली आम्हांस चांगली ठाऊक होती. रत्नागिरी जिल्ह्यांत आमच्या आजोळीं आजीचें स्वयंपाकघर होतें. माजघरापलीकडे, दोन पायऱ्या उतरून, शेणानें सारवलेली जमीन, डाव्या अंगास चूल, समोर एक लहान गजांची खिडकी आणि खिडकीच्या वर भिंतभर लांब फळी. धुरानें भिंती अशा काळ्या झालेल्या कीं, बाहेरून येणाऱ्यास क्षणभर आंधळेपण यावें. आजी तेथेंच बसून असे. विळीवर आंबाडे चिरतांना, रोवळींत तांदूळ धुतांना, बिडाच्या तव्यावर घावन घालतांना आम्हीं लहानपणापासून तिला पाहिलें होतें. नवें भिंग घेऊन आम्ही त्याच दिवाळीच्या सुटींत तेथें गेलों, आणि तीन दिवस त्या पायरीवर बसून राहिलों. एफ १.८ वरून छिद्र आम्हीं एकदांही हलविलें नाहीं. एवढे पैसे मोजले तें काय छिद्र मिटून ठेवण्यासाठीं, असा आमचा रोकडा विचार होता.

चित्रें अप्रतिम आलीं, हें आजही आम्ही नाकारीत नाहीं. चुलीचा तांबूस उजेड एका गालावर, खिडकीचा निळसर दुसऱ्यावर. पापण्यांचे केस वेगवेगळे. आणि मागील काळोखांत फळीवरच्या पितळी डब्यांचीं पांचचार सोनेरी वर्तुळें, एकमेकांत मिसळलेलीं, जणूं पाण्यावर तरंगणारे दिवे. फोकसाबाहेरच्या अशा मऊ धूसरपणास जपानी भाषेवरून 'बोके' असा शब्द सर्वत्र रूढ झाला आहे, आणि आमच्या भिंगाचा बोके फार गोड आहे असें आम्ही त्या काळीं भेटेल त्यास सांगत असूं. त्यांतील एक चित्र २०१३ सालीं याच वार्षिकांत छापलें गेलें. आम्हीं त्याची मोठी प्रत करून, चौकटींत बसवून, आजीस नेऊन दिली. तिनें ती उजेडांत धरली, लांब धरली, पुनः जवळ आणली. मग म्हणाली, "छान आहे हो. पण अरे, मी बसल्येय कुठं ? घर कुठं गेलं माझं ?"

आम्ही हंसलों. कला म्हणजे काय हें तिला समजावून सांगण्याचाही आम्हीं प्रयत्न केला, हें आठवलें म्हणजे आतां कान गरम होतात.

आजी २०१९ सालीं गेली. घरांत राहणारें कोणी उरलें नाहीं. २०२१ च्या पावसानंतर मागील भिंत बसली आणि भावकीनें तें घर उतरवून वासे व चिरे विकून टाकले. पुढील वर्षीं मे महिन्यांत मावशी आमच्याकडे आली असतां एका दुपारीं आई आणि ती अशा दोघी बोलत बसल्या होत्या, आणि बोलतां बोलतां त्यांच्यांत एक वाद निघाला. फळीवर पितळेचे डबे किती होते ? आई म्हणे चार. मावशी म्हणे पांच; पांचवा लहान, मेतकुटाचा, त्यास कडी होती. आई म्हणे तो डबा फळीवर नव्हताच, कोनाड्यांत असे. दोघींचेंही वय सत्तरीच्या पुढचें. वाद डब्यांचा नव्हता हें आमच्या ध्यानांत यावयास थोडा वेळ लागला. ज्या खोलींत दोघी वाढल्या ती आतां दोघींच्या डोक्यांत मात्र उरली होती, आणि तेथेंही ती दोन प्रकारची होऊं लागली होती. आई एकाएकीं आमच्याकडे वळून म्हणाली, "अरे, तुझ्याकडे इतके फोटो आहेत. बघून सांग ना !"

आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें संगणक उघडला. त्या स्वयंपाकघरांतील एकंदर ७३ चित्रें निघालीं. आम्हीं तीं एकामागून एक दाखविलीं. आजीचा चेहरा, आजीचे हात, आजीची बांगडी, तव्यावरची वाफ. आणि मागें सोनेरी वर्तुळें. कोठें तीन, कोठें सहा. एका डब्याच्या कडेवरची चमक एक वर्तुळ देई, झांकणावरची दुसरें. दोन डबे मिळून कोठें एकच होई. खिडकी एका चित्रांत पांढरा डाग होती. चूल कोणत्याच चित्रांत नव्हती, तिचा फक्त रंग होता. ७३ चित्रांत ती खोली एकदांही नव्हती. दोघी बहिणी कांहीं बोलल्या नाहींत. मावशीनें चष्मा काढून पुसला आणि "आई मात्र अगदीं समोर बसल्यासारखी दिसते हो," असें म्हणून ती आमची समजूत घालूं लागली.

त्या रात्रीं आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब केला, तो पूर्वींच करावयास पाहिजे होता. ५० चें भिंग, एफ १.८, आजी पांच फुटांवर. अशा वेळीं आमच्या सेन्सरवर जेवढी खोली रेखीव येते ती सुमारें साडेसहा सेंटिमीटर. म्हणजे तीनचार बोटें ! डोळ्यावर फोकस केला तर कान सुटतो. तेंच भिंग एफ ८ पर्यंत मिटलें असतें तर रेखीव पट्टा फूटभर झाला असता. फळी तरीही धूसरच राहिली असती, पण डबे मोजतां आले असते. आणि ज्यास आम्हीं पिशवीच्या तळाशीं टाकलें होतें, त्या पहिल्या भिंगाचें १८ चें टोंक एफ ८ ला लावून साडेसहा फुटांवर फोकस केला असता तर ? तर साडेतीन फुटांपासून थेट क्षितिजापर्यंत सारें रेखीव आलें असतें. आजी, चूल, खिडकी, फळी, आणि खिडकींतून दिसणारा फणसही.

कोणी म्हणेल, त्या काळोखांत एफ ८ कसें चाललें असतें ? तोही हिशेब आम्हीं केला. १.८ ला जेथें सेकंदाचा साठावा हिस्सा पुरत होता, तेथें ८ ला सुमारें वीसपट वेळ, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा लागला असता. हातांत धरलेला कॅमेरा तेवढ्या वेळांत हलतो हें खरें. पण तो पाटावर, डब्यावर, नाहीं तर उलट्या घातलेल्या पातेल्यावर ठेवतां आला असता. आणि आजी ? जी तासन् तास एका मांडीवर बसून तांदूळ निवडीत असे, ती आमच्या शब्दाखातर सेकंदाचा तिसरा हिस्सा स्थिर बसली नसती काय ?

भिंगाच्या या गुणदोषांची जोडी फार जुनी आहे. १८३९ सालीं दागेर यानें आपली छायाचित्रणाची रीत जाहीर केली तेव्हां चित्र उमटण्यास उन्हांतही कित्येक मिनिटें लागत, आणि जिवंत मनुष्याचें चित्र काढणें म्हणजे त्यास शिक्षाच होई. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथील गणिताचे अध्यापक योझेफ पेत्सव्हाल यांनीं हिशेब करून एफ ३.६ चें एक भिंग सिद्ध केलें; त्यानें मिनिटांचे सेकंद झाले व माणसांचे चेहरे कागदावर सुखानें उतरूं लागले. परंतु तें भिंग मध्यभागीं रेखीव व कडेला धूसर असे. चेहरा मिळाला आणि भोंवतालचें निसटलें, ही गोष्ट आमच्यापासून सुरू झाली नाहीं, एवढेंच काय तें समाधान. याच्या अगदीं उलट टोंक पहावयाचें असेल तर १९४१ चा 'सिटिझन केन' हा चित्रपट पहावा. त्यांत आई मुलास परक्या हातीं सोंपविण्याच्या कागदावर सही करीत आहे, आणि दूर मागें खिडकीच्या चौकटींत तो मुलगा बर्फांत खेळत आहे. सही करणारा हात आणि खेळणारा मुलगा दोन्ही सारखेच स्पष्ट. ग्रेग टोलंड या छायालेखकानें लहान नाभीय अंतराचीं भिंगें, लहान छिद्र आणि प्रखर दिवे यांच्या साह्यानें तें साधलें. मुलगा धूसर असता तर त्या प्रसंगांतील अर्धें दुःख नाहींसें झालें असतें.

आमच्या घरींही असें एक चित्र निघालें, आणि तें काढणारा कोणी टोलंड नव्हता. आमच्या मामानें १९७४ सालीं आग्फा क्लिक-थ्री नांवाच्या कॅमेऱ्यानें तें काढलें होतें. हा कॅमेरा म्हणजे एक काळी पेटी. एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रें येत. भिंग साधें, छिद्र लहान, आणि फोकस करण्याची सोयच नाहीं. जवळचें कांहीं चालत नसे. पण दहाएक फुटांच्या पलीकडे जें असेल तें सारें एकसारखें. चित्रांत आजी खळ्यांत सूप घेऊन पांखडीत उभी आहे. तिच्या मागें मांडव, रहाट, दोरीवर वाळणारें लुगडें, फ्रॉक घातलेली मावशी, आणि शेजारचा एक मुलगा, ज्यास बोलाविलें नसतांना तो येऊन उभा राहिला. तें चित्र मावशीनें अर्धा तास पाहिलें. स्वयंपाकघर मात्र त्यांतही नाहीं. त्या पेटीच्या भिंगास तेथील काळोख झेपणाराच नव्हता. आंतल्या अंधारांत पाहूं शकणारें भिंग आमच्या घराण्यांत प्रथम आमच्याच हातीं आलें होतें, आणि आम्हीं त्याचें काय केलें तें वर सांगितलेंच आहे.

डब्यांच्या वादाचा निकाल अखेर लागला तो भलत्याच बाजूनें. आमच्या बहिणीचा मुलगा २०१७ सालीं नऊ वर्षांचा असतांना तेथें गेला होता. त्यानें आपल्या आईचा मोबाईल घेऊन पणजी घावन घालीत असतां ३८ सेकंदांचें एक चलच्चित्र घेतलें होतें; तें बहिणीच्या जुन्या फोनमध्यें सांपडलें. हात थरथरतो, मध्येंच जमीन दिसते, मध्येंच छप्पर. पण सारी खोली आहे. चूल, तिच्यावरची दुधाची कासंडी, खिडकी, आणि फळीवर डबे पांच. पांचवा लहान, मागच्या ओळींत, कडीचा. आजी म्हणते, "अरे, लांब सर, चटका बसेल !" मावशीचें म्हणणें खरें ठरलें; पण तिनें त्याबद्दल आईस चिडविलें नाहीं. दोघींनीं तीं ३८ सेकंदें पुनः लावावयास सांगितलीं, मग पुनः.

त्या मोबाईलचा आंकडाही १.८ च्या आसपासच असावा. मग त्यांत सारें स्पष्ट कसें ? कारण मोबाईलच्या मुख्य भिंगाचें खरें नाभीय अंतर पांचसहा मिलिमीटरांच्या घरांत असतें, पांचास १.८ नें भागलें तर छिद्र तीन मिलिमीटरांहूनही बारीक, हरभऱ्याच्या डाळीएवढें. धूसरपणा या प्रत्यक्ष छिद्राच्या आकारावर फार अवलंबून असतो, केवळ आंकड्यावर नव्हे. म्हणूनच मोबाईलमधील 'पोर्ट्रेट'च्या सोयीस मागचें जग गणितानें खोटें खोटें पुसावें लागतें. ती सोय विद्यार्थ्यांना फार आवडते. कोणाचें काय पुसतां तें बघून पुसा, एवढेंच आम्ही त्यांस सांगतों. ते "हो सर" म्हणतात.

आतां कोणी असें समजूं नये कीं, रुंद दृष्टीच्या भिंगांत दोष नाहीं. दोन वर्षांमागें शाळेच्या पायऱ्यांवर आम्हीं एका वर्गाचें समूहचित्र घेतलें. जागा थोडी, मुलें साठ, म्हणून १८ चें टोंक लावून जवळूनच घेतलें. आठवड्यानें एक माउली मुख्याध्यापकांकडे आल्या. त्यांची कन्या पहिल्या ओळींत अगदीं कडेला बसली होती. ती चित्रांत दीडपट रुंद दिसत होती, आणि मधल्या मुली सडपातळ! मुलगी दोन दिवस जेवली नव्हती. रुंद भिंग कडेच्या वस्तु बाहेर ताणतें, हें आम्हांस माहीत होतें. पण पोरीच्या जेवणाशीं त्याचा संबंध येईल हें माहीत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आम्ही मैदानाच्या पलीकडच्या भिंतीशीं पाठ टेकून उभे राहिलों, भिंग ३५ वर आणलें आणि सबंध वर्ग पुनः बसविला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. रुंद भिंग नाक मोठें करतें असें सर्व म्हणतात. नाक मोठें होतें तें आपण दीड फुटावर जाऊन उभे राहतों म्हणून. त्या अंतरावरून नाक कानापेक्षां प्रमाणाबाहेर जवळ असतें. तेथून ५० च्या भिंगानें पाहिलें तरी नाक तेवढेंच मोठें दिसेल, फक्त चौकटींत कान मावणार नाहींत. ज्यांस खरें वाटत नसेल त्यांनीं एका मित्रास फाटकाजवळच्या वडापुढें उभें करावें. प्रथम १८ लावून जवळून, मग ५५ लावून तिप्पट मागें जाऊन, मित्र दोन्ही वेळां तेवढाच दिसेल असें चित्र घ्यावें. दुसऱ्या चित्रांत वड एकदम मोठा होऊन मित्राच्या खांद्यावर आलेला दिसेल. वड हालला नाहीं, मित्र हालला नाहीं; आपले पाय हालले. भिंग निवडणें म्हणजे पुष्कळ अंशीं कोठें उभें राहावयाचें तें निवडणें आहे, आणि त्यास दुकानांत जावें लागत नाहीं.

चलच्चित्रणाविषयीं आम्हांस अधिकारानें बोलतां येण्यासारखें थोडेंच आहे. चित्रण चालू असतां भिंग पुढें-मागें सरकविण्याचा मोह मुलांना फार होतो. नाटकाच्या चित्रणांत तर राजा दर वाक्यास जवळ येतो व लांब जातो. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा आणल्यावर कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. रोप वाढावयाचें तर कॅमेरा जागचा हलून चालत नाहीं. एक भिंग, एक जागा, एक मिनिट; एवढें जरी साधलें तरी पुष्कळ झालें. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्यामुळें दिव्यांत चित्रण करतांना शटर सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यावर ठेवावें, नाहीं तर पडद्यावर पट्टे लवलवतात, हीही एक व्यवहाराची गोष्ट.

आणि भिंग घेतल्यावर तें जपावें. कोंकणच्या दमट हवेंत बंद पिशवींत राहिलेल्या कांचेवर बुरशी येते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु आंतल्या बाजूनें पसरतात व पुसतां येत नाहींत. आमचें तें ५० चें भिंग एका पावसाळ्यांत असेंच गेलें. दोष सर्वस्वीं आमचा. डबींत वेष्टून ठेवण्याचा कंटाळा. घट्ट झांकणाचा डबा आणि त्यांत सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यानें काम भागतें. धूळ असल्यास आधीं रबरी फुग्यानें उडवावी, मग मऊ फडक्यानें हलकेंच पुसावें. सदऱ्याचें टोंक कितीही जवळ असलें तरी तें त्यासाठीं नाहीं.

त्या गृहस्थांस आम्हीं दुसऱ्या दिवशीं दूरध्वनि केला. म्हटलें, कॅमेऱ्याबरोबर जें येतें तेंच ठेवा आणि वर्षभर दुसरें कांहीं घेऊं नका. वर्ष संपल्यावर मुलास विचारा कीं कोणतें चित्र काढावयाचें राहिलें. तें त्यास सांगतां आलें तर त्याप्रमाणें भिंग घ्या. ते जरा निराश झाल्यासारखे वाटले. एवढ्या मोठ्या शाळेंतील शिक्षकानें फुकटच्या भिंगाची शिफारस करावी, हें त्यांस कांहींसें कमीपणाचें वाटलें असावें. पाठीमागून मुलाचा आवाज आला, "पण बाबा, बोके ?"

गेल्या रविवारीं आम्हीं आईचें चित्र घेतलें. स्वयंपाकघर आमचें लहान, भाड्याच्या जागेंतलें. कॅमेरा स्टुलावर ठेवला, भिंग १८ वर, छिद्र ८ वर, आणि आईस म्हटलें, जरा हलूं नकोस. तिनें श्वास रोखून धरला. चित्रांत गॅसचा सिलिंडर आला आहे, खिळ्याला अडकविलेली दिनदर्शिका आली आहे, धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या आल्या आहेत आणि मांडणीवरचे डबे सात आहेत. आईनें तें दोन बोटांनीं मोठें करून कानाकोपरा पाहिला. "कोपऱ्यातलं ते पोतेरं तरी काढायचं होतंस," ती म्हणाली. आम्हीं तें काढलें नव्हतें. चित्र मावशीस पाठविण्यापूर्वीं पुनः घ्यावें असा तिचा हट्ट आहे, आणि आम्ही अद्याप पाठविलेलें नाहीं.